मराठी निबंध सहा ओळींत संपतो, तेव्हा

मुलगी चौदा वर्षांची, दोन वर्षं घरीच शिकतेय, इंग्रजी कादंबऱ्या सरसर वाचते, पण मराठी निबंध सहा ओळींत आटोपतो. मुक्त विद्यालयातून दहावीला मराठी घ्यायचं आहे, तर व्याकरणाचं कोणतं पुस्तक घ्यावं आणि रोज किती तास द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. पुस्तकाचं शेवटी बघू. तासांचं म्हणाल तर आठवड्यातून चार दिवस, पाऊण-पाऊण तास भरपूर झाला.

बहुतेक घरांत सोमवारी व्याकरण, मंगळवारी निबंध, बुधवारी कविता असं वेळापत्रक लागतं आणि तिथेच गाडी अडते. मुलगी गाळलेल्या जागा बरोबर भरते आणि दुसऱ्या दिवशी निबंधात 'तिने धडा शिकली' लिहिते. व्याकरण तिच्या स्वतःच्या मजकुरातून काढा. पुस्तकातली वाक्यं फक्त पडताळ्यासाठी.

एक निबंध पंधरा दिवस चालू द्या. पहिल्या दिवशी पेन हातात द्यायचंच नाही. विषयावर दहा मिनिटं बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी तिनेच ऐकून ते उतरवायचं. इंग्रजीत वाचणाऱ्या मुलांचं बोलणं अस्सल मराठी असतं, पण कागद समोर आला की डोक्यात भाषांतर सुरू होतं आणि 'मला दोन भाऊ आहेत'चं 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' होतं. ('मी त्याची मदत केली' हे मात्र हिंदीतून येतं, मराठीत 'त्याला मदत केली'.) उतरवताना 'केलं, गेलं' आलं तर येऊ द्या. पक्क्या प्रतीत सगळीकडे 'केले, गेले' करायचं. दोन्हींची सरमिसळ सगळ्यात वाईट दिसते.

विषय अरुंद हवा. 'पावसाळा' दिला की 'पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे, सगळीकडे हिरवेगार होते' येणारच, कारण त्या विषयात बघण्यासारखं एकही ठिकाण नाही. 'पहिला पाऊस आणि आपली गच्ची' द्या आणि तीनच प्रश्न विचारा: काय वाजलं, काय हललं, कोण काय करत होतं? मग असं काहीतरी येतं: 'पत्र्यावर आधी दोनच थेंब वाजले. समोरच्या काकूंनी दोरीवरच्या कपड्यांना हात घातला, तोवर सगळा पत्रा थडथडायला लागला.' अशा साठेक शब्दांच्या चार परिच्छेदांचा निबंध होतो. सुरुवात दुसऱ्या परिच्छेदापासून करायला सांगा. पहिला परिच्छेद शेवटी लिहायचा. गाइडातले सुविचार नेमके पहिल्या परिच्छेदात घुसतात.

तपासताना एका निबंधात दोनच प्रकारच्या चुका धरायच्या, बाकी दिसल्या तरी सोडून द्यायच्या. शब्दाखाली रेघ नको, त्या ओळीच्या समासात पेन्सिलीचा ठिपका. चूक तिने शोधायची. पानभर लाल खुणा झाल्या की पुढचा निबंध सहा ओळींवरून चार ओळींवर येतो. मूल मग खात्रीचे तेवढेच शब्द वापरतं, आणि आपल्याला वाटतं की शुद्धलेखन सुधारलं.

शुद्धलेखनात फक्त कानावर विसंबू नका. 'कवी'तला शेवटचा ई ऱ्हस्व की दीर्घ, हे उच्चारावरून मुलांना कळत नाही, त्यामुळे श्रुतलेखन कितीही घेतलं तरी तेवढ्याने भागत नाही. शब्दाला प्रत्यय लावून बघायला शिकवा: बहीण–बहिणीला, दूध–दुधाला, गरीब–गरिबाला. प्रत्यय लागला की उपान्त्य, म्हणजे मूळ शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर, दीर्घाचं ऱ्हस्व होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत: शरीर–शरीराला, गीत–गीताला, गुण–गुणाला. नेहमीची घसरण सामासिक शब्दात, म्हणजे दोन शब्द जोडताना, होते: 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व. वहीत तीन रकाने आखा: चुकलेला शब्द, बरोबर शब्द, त्याच नियमाचे आणखी चार शब्द. तिसरा रकाना टाळलात तर वही नुसती चुकांची यादी होते.

व्याकरणातल्या प्रयोगांत (कर्तरी, कर्मणी, भावे) 'ने दिसला की कर्मणी' ही पळवाट मुलं हमखास धरतात. त्याऐवजी अदलाबदल करून बघायची. 'मुलाने आंबा खाल्ला' मध्ये आंब्याच्या जागी चिंच ठेवली की 'खाल्ली' होतं. क्रियापद कर्माच्या मागे गेलं, म्हणून कर्मणी. 'मुलाने बैलाला बांधले' मध्ये मुलगी आणा, गाय आणा, 'बांधले' हलत नाही, तो भावे. शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्यामागेच जातात, म्हणून 'ती धडा शिकली'. एवढी चार वेगळी पाठ करून घ्या, म्हणजे वरची 'तिने धडा शिकली' ही चूक जाते.

साहित्यासाठी सुरुवातीला छोटी कविता बरी. बालकवींची 'औदुंबर' आठच ओळींची आहे. अर्थ सांगत बसू नका. आधी रंग शोधायला सांगा: निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा. मग क्रियापदांभोवती गोल करायला सांगा. झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरतो आणि शेवटच्या ओळीत औदुंबर बसलेला. सगळं चित्र सरकत सरकत एका बसलेल्या झाडापाशी थांबतं, हे तिला गोल केलेल्या शब्दांतूनच दिसेल. मग उत्तर लिहिताना 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य बंद, आणि प्रत्येक विधानाला कवितेतला एक शब्द पुरावा म्हणून जोडायचा. जुन्या छापील प्रतीत 'जळांत' असा अनुस्वार दिसला तर ती विचारेल. उच्चार नसलेले असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढून टाकले. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलायची सूट मात्र कवींना आजही आहे.

आता पुस्तक. परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाचं स्वतःचं साहित्य लागेलच. सरावाला बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलीला थेट दहावीची 'कुमारभारती' (प्रथम भाषा मराठीचं पुस्तक) जड जाते. आधी आठवी-नववीची द्वितीय भाषेची पुस्तकं घ्या, तीन-चार महिन्यांनी कुमारभारतीकडे वळा. वाचनाचा वेग कमी असेल तर १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक चांगले. रोज दोन पानं, मोठ्याने. मोठ्याने वाचताना ती अडखळते तिथे बहुधा जोडाक्षर किंवा लांब सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी बदललेलं शब्दाचं रूप) असतं. ते शब्द टिपून ठेवा, पुढच्या आठवड्याचं श्रुतलेखन त्यातूनच तयार होतं.