मासा राहिला बाजूला

प्रश्न: ताई, मी मूळचा मालवणकडचा. लहानपणी गरी घेऊन व्हाळावर बसायचो, गांडूळ लावायचं, मासा लागला की घरी न्यायचा, विषय संपला. मुलाने नॉर्मन मॅक्लीनचं ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ दिलं, म्हणे फ्लाय फिशिंगवरचं भारी पुस्तक. निम्मं झालं, मासे कमी आणि विचारच जास्त. लोकांना यात एवढं काय आवडतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: काका, आधी ती फ्लाय काय असते ते बघा. हुकाला पिसं नि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, वजन जवळपास नाहीच. गरीला आपण शिसं बांधतो म्हणून ती लांब जाते, इथे जड असते ती दोरी, मग दोरीच हवेत मागेपुढे खेळवायची, मागे ती सरळ होईपर्यंत थांबायचं, घाई केली की गुंता, आणि किडा पाण्यावर असा टेकवायचा की ट्राउट माशाला वाटावं खराच पडला. हात असे गुंतले की माणूस एरवी जे बोललाच नसता ते हळूच बोलून जातो. मला तरी गंमत इथे वाटते.

पुढचं सांगून टाकतेय, रागवू नका. मॅक्लीनच्या भावाचा खून झाला 1938 मध्ये आणि पुस्तक आलं 1976 ला, तेव्हा हे शिकागोचे रिटायर्ड प्रोफेसर सत्तरी ओलांडलेले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बिग ब्लॅकफूट नदीत भाऊ दोरी कशी फेकायचा हे मॅक्लीन इतकं बारीक लिहितात, कारण त्याला मदत का करता आली नाही हे काही त्यांना उलगडत नाही.

हेमिंग्वेची 1925 ची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही गोष्ट पण वाचा. तिचा नायक निक युद्धावरून आलाय, पण गोष्टीत युद्धाचं नावही नाही. सकाळी दवाने गारठलेले नाकतोडे उडू शकत नाहीत तेवढ्यात तो बाटलीत भरून घेतो (जिवंत नाकतोडा म्हणजे फ्लाय नव्हेच, कट्टर लोक नाक मुरडणार). पुढे दलदल लागते, तिथे मात्र तो गळ टाकत नाही, नंतर बघू म्हणतो.

बाकी या प्रकारात नुसतं तत्त्वज्ञान पाजळणारेही भरपूर आहेत, ते खुशाल सोडा.

आणि हो, मॅक्लीनकडे एक मेव्हणा कॉफीच्या डब्यात गांडुळं घेऊन येतो, त्याची जाम टिंगल होते. ती मनाला लावून घेऊ नका.