वाचकांचे प्रश्न: लिथुआनियातला सोमवार

प्रश्न : मे महिन्यात आम्ही नवरा-बायको, दोघंही पासष्टीचे, विल्नियसला जातोय. शनिवारी रात्री पोचू, गुरुवारी सकाळी निघू. संग्रहालयं आणि किल्ले कोणत्या क्रमाने बघावेत? (कोथरूड)

उत्तर : आधी सोमवार बाजूला काढा. बरीचशी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात आणि केजीबीच्या जुन्या इमारतीतलं संग्रहालय तर मंगळवारीही. ते बुधवारी ठेवा. जुन्या गाइडबुकात ते ‘वंशसंहारबळींचं संग्रहालय’ या नावाने सापडेल. २०१८पासून नाव ‘परकीय ताबा आणि स्वातंत्र्यलढ्यांचं संग्रहालय’ असं आहे. तळघरातल्या कोठड्या आणि मृत्युदंडाची खोली मूळ जागीच आहे. हे बघून झाल्यावर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, मन लागत नाही.

रविवारी ग्रँड ड्यूकांचा, म्हणजे लिथुआनियाच्या जुन्या राज्यकर्त्यांचा, राजवाडा. मूळ वाडा १८०१च्या सुमारास पाडला गेला, आजची इमारत नव्याने उभारलेली. म्हणून वरच्या झगमगीत दालनांवर वेळ घालवण्याआधी तळघरातले खरे पाये बघा. तिकिटं मार्गांप्रमाणे वेगवेगळी मिळतात; पहिले दोन मार्ग पुरेत. महिन्याचा शेवटचा रविवार असेल तर सरकारी संग्रहालयांची कायमची दालनं फुकट, पण गर्दीही तशीच. शेजारच्या गेदिमिनास टेकडीवर जायला छोटी केबल रेल्वे आहे. बुरुजात मात्र जिने चढावेच लागतात.

सोमवारी जुनं शहर पायी. सेंट अ‍ॅन चर्चच्या दर्शनी भागात तेहतीस प्रकारच्या विटा असल्याचं सांगतात, आणि जुन्या शहराबाहेरच्या सेंट पीटर अँड पॉल चर्चमध्ये चुन्याच्या गिलाव्यातल्या सुमारे दोन हजार आकृत्या आहेत. रस्ते दगडी गोट्यांचे, तेव्हा जाड तळव्याचे बूट घाला.

प्रश्न : मंगळवारी त्राकाईचा किल्ला? रेल्वेने की बसने? (सहकारनगर)

उत्तर : दोन्हींनी साधारण अर्धा-पाऊण तास. स्टेशनपासून किल्ला दोन-अडीच किलोमीटर लांब आहे, ते अंतर लोक हिशेबात धरत नाहीत आणि परतीची गाडी चुकते. लाल विटांचा बराचसा भाग विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचा. खाली दगड दिसतो तो जुना. १४३०मध्ये ग्रँड ड्यूक व्हितौतास इथेच वारला. आतले लाकडी जिने अरुंद आहेत. वाटेत कराईम लोकांचे (त्राकाईत राहणारा एक छोटा तुर्की-भाषक समाज) ‘किबिनाई’, म्हणजे करंजीसारखे भाजलेले सारणाचे पदार्थ, मिळतात. आत बहुधा मटण असतं, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. भाजीचे, चीजचेही मिळतात.

प्रश्न : लिथुआनियात गांधीजींचा पुतळा आहे म्हणतात, खरं का? (औंध)

उत्तर : हो, रुस्ने गावात, २०१५पासून, सोबत गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मन कालेनबाख. तिथल्या गांधीजींच्या टॉल्स्टॉय फार्म या आश्रमाची जमीन कालेनबाख यांचीच. त्यांचं बालपण रुस्नेच्याच भागातलं. पण रुस्ने पार पश्चिम टोकाला, नेमुनास नदीच्या मुखाशी आहे. क्लायपेदा बंदराकडे जाणार असाल तरच वाकडी वाट करा, विल्नियसहून मुद्दाम नको.