केस न काढता वानर कसं रंगवावं?

प्रश्न: दोन वर्षं जलरंगात प्राणी रंगवते आहे. फोटो समोर ठेवून केस न् केस काढते. चित्र हुबेहूब येतं, पण प्राणी पेंढा भरल्यासारखा दिसतो. हात मोकळा कसा होईल?

उत्तर: घाईने ब्रश फिरवून हात मोकळा होत नाही. काय गाळायचं ते आधी ठरलेलं असलं की तो आपसूक सुटतो. सरावाला वानर घ्या; राखाडी अंग आणि काळं तोंड, त्यामुळे छटा स्पष्ट असतात.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड-प्रेस (किंचित खरखरीत), शक्यतो पूर्ण कॉटनचा, ए-४ आकारात. स्वस्त कागद भराभर आणि डागाडागांनी सुकतो, मऊ कडा साधायला वेळच देत नाही. ब्रश एकच, १२ नंबरचा गोल. बारीक ब्रश हाताशी असला की केस काढायचा मोह होतोच.

डोळे किलकिले करून फोटो पाहा आणि आगपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने तीनच छटा भरा: पाठीवरचं ऊन कोरं, पोट-मांड्या मधल्या, तोंड आणि पंजे गडद. एवढ्यावरून वानर ओळखू आलं नाही तर पुन्हा करा. या टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं अवश्य द्या, बहुतेक चित्रं इथेच फसतात.

मग बाह्याकार फिकट काढा आणि कागद लावलेल्या बोर्डाखाली एक जाड पुस्तक सरकवा. यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा), चहाइतका पातळ. ब्रश दांड्याच्या टोकाकडे धरून, उन्हाची जागा कोरडी सोडत, मानेपासून मांडीपर्यंत एका दमात या. अंग ओलं असतानाच पोटाखाली बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचं दाट मिश्रण सोडा. मागच्या झाडीचा हिरवा एक-दोन ठिकाणी या ओलाव्यात शिरू द्या. तिथे कड हरवते आणि प्राणी त्या जागेत बसलेला वाटतो. स्वीडनचे चित्रकार ब्रूनो लिल्येफोर्श (१८६०–१९३९) यांचे ससे आणि पक्षी याच नजरेने पाहा. ते तैलरंगात आहेत, पण परिसरात विरणारी कड तीच.

तोंडाला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन हेच दोन रंग, दह्याइतके घट्ट. कागदाची चकाकी गेलेली असते, पण बोटांच्या मागच्या बाजूला तो अजून गार लागतो, तेव्हा ब्रश टेकवा. कड जराशी पसरते आणि चेहऱ्याभोवतीची केसांची झालर न काढता मिळते. डोळे मात्र पूर्ण कोरड्यावर. शेपटी खांद्यापासून हात फिरवून एकाच फटकाऱ्यात. चुकली तर डागडुजी नको, नवा कागद घ्या.

प्रश्न: ओल्यावर रंग सोडला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात, आणि अंगाचा रंग मळकट होतो. का?

उत्तर: डाग पाण्यामुळे. कागद निम्मा सुकलेला असताना त्याहून ओला ब्रश टेकला, तर ते पाणी आधीचा रंग बाहेर ढकलतं आणि कातरलेली किनार राहते. नंतरच्या ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. प्रत्येक वेळी तो फडक्याला टेकवून घ्या. मे महिन्यात ओल्यावर रंग सोडायची संधी पटकन निघून जाते, जुलैत कागद सुकता सुकत नाही, म्हणून घड्याळापेक्षा चकाकीवर नजर ठेवा.

मळकटपणा घोटण्यामुळे. निम्म्या सुकलेल्या जागी तिसऱ्यांदा ब्रश फिरला की खालचा रंग उखडून वरच्यात मिसळतो. एका मिश्रणात दोन, फार तर तीन रंग ठेवा आणि टेकवलेला ब्रश उचला.

प्रश्न: प्रत्यक्ष पाहून काढताना पक्षी थांबतच नाही. काय करावं?

उत्तर: चरणाऱ्या म्हशींमागचे गायबगळे निवडा. एकाच पानावर चार-पाच रेखाटनं अर्धी सोडून ठेवा. बगळा त्याच ढबीत पुन्हा येतो, तेव्हा तेवढंच पुढे न्या. रंगवताना बगळा कोराच ठेवा, भोवतीचं गवत रंगवा. चोच पिवळी, शेवटी, कोरड्यावर.