मधोमध नको, कडेला बसा

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ दर रविवारी सकाळी सहाला दिवाळे गावाहून मित्राच्या होडीतून गळ टाकायला जातो. खाडीच्या मधोमध, सगळ्यांत खोल पाण्यात नांगर टाकतो. मिळतात त्या शिंगाळ्या. जिताडा एकदाही लागला नाही. काय चुकतं?
– एक वाचक, सीवूड्स

उत्तर : मधोमध बसता, तेच चुकतं. खोल पाणी म्हणजे मोठा मासा, असा माझाही हिशेब होता. मग वडिलांनी एकदा गळ घरी ठेवायला लावला आणि पुऱ्या ओहोटीला नुसतं फिरवून आणलं. पाणी उतरल्यावर चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि तो जिथे एकदम खाली ढळतो, ती कड डोळ्यांनी दिसते. तुम्हीही एक रविवार असा घालवा. वळणावर बाहेरच्या अंगाला कड जास्त उभी असते.

ओहोटी लागली की चिखलावरचं पाणी बारक्या नाळ्यांतून खाली येतं, सोबत कोळंबी आणि बोयची पिल्लं. जिताडा कडेच्या खाली, धारेच्या आडोशाला थांबतो. जेवण तोंडाशी येतं, मग तो मधोमध कशाला जाईल?

पाणी भरलेलं असताना कड शोधायला दोरीला शिसं बांधा, दर वावावर (दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढ्या लांबीवर) गाठ मारा. दीड वावावरून दोरी एकदम तीन वाव गेली की समजा सापडली. होडी उथळ अंगाला, धारेच्या वरच्या बाजूला लावा आणि जिवंत कोळंबी कडेवरून खाली सोडा.

आता सकाळी सहाचं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सहाला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. घड्याळ सोडा, तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात शिसं तळाला ठरत नाही, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी असते तेव्हा, पाणी फारच मंद. मला पंचमी-षष्ठी आवडते.

नांगराची दोरी नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच बांधा. मी एकदा आळसानं मागच्या बाजूला बांधली, तर धारेनं पाणी आत घेतलं. डबा, बादली, चपला सगळं गेलं. पोहता येत असल्यानं मी राहिलो. आणि वर ऐरोली-वाशी पुलांच्या मधे जाऊ नका, तिथला पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

फार मोठा जिताडा लागला तर ती बहुतेक मादी. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. पावसाच्या तोंडावर तशी लागली तर मी सोडतो. घरचे अजून त्यावरून बोलतात.