‘एफ किकान’मधलं ‘किकान’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: ‘आझाद हिंद सेनेवरच्या एका लेखात “एफ किकान ही जपानी पलटण” असं वाचलं. किकान हे कुणाचं आडनाव आहे का? आणि पलटण म्हणणं बरोबर आहे का?’

दोन्ही नाही. आडनाव दडलंय ते ‘एफ’मध्ये. मेजर फुजिवारा इवाइची या तिशीतल्या अधिकाऱ्याचं ते आद्याक्षर. फ्रीडम आणि फ्रेंडशिप हेही त्याच अक्षरात बसवलेले, म्हणजे प्रचाराची सोय नावातच करून ठेवलेली.

‘किकान’ हा जपानीतला अगदी रोजचा शब्द. त्यातलं पहिलं चिन्ह यंत्राचं. दुसऱ्याचा अर्थ अडसर किंवा नाका, आणि पुढे संबंध. आगगाडीचं इंजिन ‘किकान्शा’, मशीनगन ‘किकान्जू’ आणि बँकांसारख्या वित्तसंस्था ‘किन्यू किकान’. आपल्याकडे ‘यंत्र’वरून ‘यंत्रणा’ झाली आणि ती सरकारी, गुप्तचर, निवडणूक अशी कुठेही चालते, तसंच हे. त्यामुळे मराठीत ‘यंत्रणा’ हाच शब्द मला चपखल वाटतो.

लढाऊ तुकडी असती तर नावाच्या शेवटी ‘ताई’ आलं असतं (आपल्या ताईशी याचा काही संबंध नाही!). शोताई, चूताई, दाइताई, रेन्ताई ही प्लाटूनपासून रेजिमेंटपर्यंतची चढती भाजणी. माणसांवर जैविक अस्त्रांचे प्रयोग करणारी जपानी सैन्याची कुप्रसिद्ध ‘युनिट ७३१’ ही जपानीत ‘बुताई’च आहे. फुजिवारांचं काम मात्र ‘तोकुमु किकान’ या प्रकारातलं, म्हणजे विशेष कामगिरीची गुप्त यंत्रणा.

कामही तसंच होतं. सप्टेंबर १९४१मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं घेऊन बँकॉकमध्ये ही यंत्रणा उभी राहिली. बँकॉकमधल्या हिंदी स्वातंत्र्यवाद्यांचे पुढारी ग्यानी प्रीतम सिंग यांच्याशी संधान बांधायचं आणि मलायातल्या ब्रिटिश फौजेतले हिंदी शिपाई फोडायचे, हा बेत. डिसेंबरात उत्तर मलायातल्या जित्रा इथे ब्रिटिश फौज हरल्यावर तिच्यातले कॅप्टन मोहन सिंग हाती लागले आणि आझाद हिंद सेना उभारायला फुजिवारांनी त्यांचं मन वळवलं. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. १७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी युद्धकैदी फुजिवारांच्या स्वाधीन करण्यात आले. तिथे ते बोलले जपानीत, त्याचं इंग्रजी झालं आणि इंग्रजीचं हिंदुस्थानी. हजारो माणसांपुढे एकेक वाक्य असं तीनदा! ज्या यंत्रणेचं मुख्य हत्यार बोलणं, तिला पलटण म्हटलं की डोळ्यांपुढे कवायत आणि बँड उभा राहतो, चित्रच चुकतं.

आयुष्य म्हणाल तर जेमतेम काही महिन्यांचं. १९४२च्या वसंतातच कर्नल इवाकुरो हिदेओ यांची मोठी ‘इवाकुरो किकान’ तिच्या जागी आली. तिचं मोहन सिंगांशी बिनसलं आणि डिसेंबरात त्यांना अटक झाली. १९४३मध्ये नाव बदलून ‘हिकारी किकान’ झालं. हिकारी म्हणजे प्रकाश. नेताजींच्या काळात जपानी सैन्य आणि आझाद हिंद सेना यांच्यातला दुवा हीच. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले त्या काळात आझाद हिंद सेनेत वरच्या पदावर होते. त्यांच्याविषयीच्या मराठी मजकुरात ‘किकान’ भेटला तर तो बहुधा हाच.

ब्रह्मदेशातली ‘मिनामी किकान’ही अशीच अल्पजीवी. तिथलं ‘मिनामी’ हे कर्नल सुझुकी केइजी यांनी घेतलेलं टोपणनाव. तेव्हा किकानच्या आधी दिसेल ते आडनावच, असं धरून चालू नका.

लेखनाचं म्हणाल, तर ‘किकान’ ठीक आहे. जपानीत ‘का’मधला स्वर ऱ्हस्व असला तरी उच्चार आपल्या ‘आ’च्या जवळचा आहे. पहिल्यांदा ‘एफ किकान (फुजिवारांची गुप्त यंत्रणा)’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘एफ किकान’. आणि ‘एफ किकान संस्था’ नको, ‘संस्था’ किकानमध्ये आहेच.