यादीत नाव

चि.,
शेजारच्या कंपनीत दीड हजार जास्त मिळतात, जाऊ का, असं विचारलंस. जा की. चाकणमध्ये दीड हजारासाठी गेट बदललं म्हणून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. पण तिथेही तुझं नाव ठेकेदाराच्याच वहीत राहणार आणि सात महिन्यांनी ब्रेक द्यायला, म्हणजे सलग नोकरी तोडायला, तोच ती वही उघडणार. पगार नंतर सांग. यादी कुणाची आणि तीत नावं कुणाकुणाची, ते आधी सांग.

मार्केट यार्डातला हमाल बघ. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. त्याला ठरलेला मालकच नाही. तरी 1969 च्या माथाडी कायद्याने त्याचं नाव माथाडी मंडळाच्या नोंदीत गेलं. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरतो. पगार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी मंडळ बघतं. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांची मोट बांधली म्हणून हे झालं. (आज माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही आहेत, ठाऊक आहे. म्हणून कायदाच मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.) आणि तू आयटीआय झालेला फिटर, रोज एकाच गेटातून आत जातोस, तरी कंपनी म्हणते हा आमचा नाही!

कोर्टात जाईन म्हणतोस. कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगून ठेवलंय. ठेका नुसता देखावा होता, हे दाखवावं लागतं. गेटपास, हजेरी, सुपरवायझरचे मेसेज जपतोस का? नाही ना. मोबाइल बदलला की सगळं गेलं.

चिडतोय, कारण हे मला उशिरा कळलं. आमच्या युनियनने कंपनीशी केलेल्या करारावर माझी सही आहे. परमनंटांना घसघशीत वाढ, बदल्यात पुढची भरती कंत्राटी. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले आम्ही. लाइनवरच्या पोरांना म्हणालो, तुमचं पुढच्या करारात बघू. पुढच्या कराराला बसलो तेव्हा संप करायला पुरेल एवढे परमनंटच उरले नव्हते. प्लांट गुजरातला हलवू, अशी धमकी होती, कमिटीत माझं एक मत होतं, घराचं कर्ज होतं. विकला गेलो नव्हतो मी. पण यादी करताना त्या पोरांना बाहेर ठेवलं, ते मीच.

म्हणून पुन्हा तेच, कंटाळलास तरी. यादीत सगळ्यांची नावं.

रविवारी ये. खोलीवरच्यांची नावं लिहून आण, ज्याच्याबरोबर चहा पितोस त्या परमनंटचंही. आणि मागच्या वेळी दाखवलेला नावांचा कागद मी नीट वाचला होता. लोडिंगवरची बिहारची चार पोरं त्यात नव्हती.

तुझा,
काका