षड्ज सरकतो तेव्हा

प्रश्न : सूरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयात मी काही वर्षे ख्यालगायन शिकले. येत्या उन्हाळ्यात मुलीकडे प्रागला जायचे असून तिने तेथील रुडॉल्फिनम सभागृहातील मैफलीची तिकिटे काढली आहेत. स्मेताना आणि द्वोर्झाक या चेक संगीतकारांच्या रचना, म्हणजे पहिल्याची ‘व्ल्तावा’ आणि दुसऱ्याची नववी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची दीर्घ रचना), असा कार्यक्रम आहे. रागाचा आधार नसलेले हे संगीत ऐकताना लक्ष कशावर ठेवावे? टाळ्या केव्हा वाजवाव्यात?
— एक वाचिका, वडोदरा

उत्तर : आपले कान तयारच आहेत, फक्त एक सवय त्या संध्याकाळपुरती बाजूला ठेवावी लागेल. तंबोऱ्याने लावून दिलेला षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, आपण मैफल संपेपर्यंत सोडत नाही. इथे मात्र षड्ज सरकतो, आणि त्याच्या सरकण्यातच माझ्या मते या संगीताचा अर्धाअधिक रस आहे.

द्वोर्झाकने ही सिंफनी अमेरिकेतील वास्तव्यात १८९३ साली लिहिली. तिच्या दुसऱ्या भागात कोर आँग्ले हे ओबो या फुंकवाद्याच्या कुळातील, पण त्याहून घनगंभीर आवाजाचे वाद्य जी धून वाजवते, तिची चाल ‘ग प प, ग रे सा, रे ग प ग रे’ अशी आहे. भूप राग घोटलेल्या गळ्याला ती लगेच ओळखीची वाटेल. मात्र तिचा आता बढतीने, म्हणजे रागासारखा टप्प्याटप्प्याने, विस्तार होईल, अशी वाट पाहू नये. त्याऐवजी धून सुरू होण्याआधी पितळी वाद्ये जे संथ स्वरसमूह (एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर) वाजवतात, ते कान देऊन ऐकावेत. आपल्या पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या भागाचा षड्ज पांढरी तीन आणि दुसऱ्याचा काळी एक असून, त्या मोजक्या स्वरसमूहांतून श्रोत्याला एका षड्जावरून दुसऱ्यावर अलगद आणून सोडले जाते. निघण्यापूर्वी ध्वनिमुद्रण लावून हे दोन्ही षड्ज पेटीवर धरून पाहावेत, म्हणजे सभागृहात ती जागा निसटणार नाही.

‘व्ल्तावा’ ही नदीची कथा आहे, आणि ती १८७४ मध्ये, श्रवणशक्ती पूर्ण गेल्यानंतर स्मेतानाने लिहिली, हे मला आजही थक्क करते. बासऱ्या आणि क्लॅरिनेट यांच्या खळाळातून उगमाचे दोन झरे एकत्र येतात, मग व्हायोलिनांवर मुख्य धून उमटते. तिच्यातील कोमल, म्हणजे उतरलेला, गंधार लक्षात ठेवावा. शिकारीची शिंगे, गावातील लग्नाचा पोल्का नाच, चांदणी रात्र आणि खडकाळ धार ओलांडून नदी प्रागजवळ रुंदावते, तेव्हा तीच धून शुद्ध गंधार घेऊन परत येते.

टाळ्यांविषयी : सिंफनीचे चार भाग असून मधल्या विरामांत टाळ्या वाजवत नाहीत, दादही देत नाहीत. अखेरचा स्वरसमूह हळूहळू विरत जातो, म्हणून वाद्यवृंदाला हातांनी इशारे देणाऱ्या कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबावे.